सासूबाईंचा उजवा दंड

लग्नानंतर कितीतरी वर्षं माझं आणि सासूबाईंचं बोलणं दाराआडून चालायचं. त्या स्वयंपाकघरात दारामागे, मी बाहेर ओटीवर. "चहा घेताव ना?" "घेतो." "साखर बरोबर हाय?" "बरोबर आहे." संपलं. जावई आला की डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे आणि ताटात मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा, ही त्यांची रीत. मी खुर्चीवर असलो तर त्या माझ्यासमोर पाटावरसुद्धा बसायच्या नाहीत. माझं गाव म्हसळ्याजवळ, भातशेतीवालं. आमच्याकडे सासवा जावयांना खुशाल ओरडतात. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना मी पसंत नाही. बायको म्हणाली, "पसंत नसतात तर शेपटीचा तुकडा मिळाला असता."

अशा बाईंचा उजवा दंड रोज सकाळी माझ्या हातात यावा, असा योग एका कालवामुळे आला.

सासूबाईंचं गाव रेवसजवळ, खाडीला लागून. ओहोटी लागली की गावातल्या बायका खडकांवर कालवं काढायला जातात. कालवाचं शिंपलं खडकाला असं घट्ट चिकटलेलं असतं की ते कोयतीनं फोडून आतला गर काढावा लागतो, आणि फुटलेल्या कवचाची धार ब्लेडला मागे टाकते. दिवाळीनंतर एकदा सासूबाईंचा पाय घसरला आणि तसली धार स्लिपर फाडून टाचेत शिरली. त्यांनी हळद दाबली, चिंधी बांधली आणि भात झोडायला गेल्या. पुढे टाच सुजली तेव्हा चिंधी बदलली. माझा मेहुणा बंदरातून कंटेनर वाहून नेतो, आठवडा आठवडा घरी नसतो. तो एका फेरीवरून आला तेव्हा आई तापानं फणफणलेली आणि पाय भोपळ्याएवढा झालेला. अलिबागच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढून पाहिला आणि थेट मुंबईला पाठवलं. जखमेतला जंतू हाडापर्यंत पोचला होता.

मुंबईत ऑपरेशन झालं, हाड खरवडून साफ केलं. मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता खरं औषध सुरू होईल. ते गोळीतून देता येत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं, रोज, आणि बरेच आठवडे. एवढे दिवस हाताच्या शिरा टिकणार नाहीत. म्हणून दंडातून एक बारीक लांब नळी आत सरकवायची, ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचते. बाहेर वीतभर शेपूट राहतं, त्यातून औषध सोडायचं. एवढ्यासाठी दवाखान्यात पडून राहायला नको, घरी जमतं. फक्त नळीची काळजी घेणारं कुणीतरी हवं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला विचारलं, "काळजापरेंत?"

"जवळपर्यंत," बायको म्हणाली.

"मग ती काढताना काळीज न्हाय ना येनार बरोबर?"

डॉक्टर हसले नाहीत, त्यामुळे मला ते आवडले. म्हणाले, "नाही येणार, आजी. माझी हमी."

नळी घातल्यावर वॉर्डातल्या एका सिस्टरनं आम्हाला शिकवायला घेतलं. त्या केरळच्या, पण मराठी मुंबईत शिकलेल्या. शिकायचं खरं बायकोनं ठरवलं होतं. लेक आहे, तिचाच हक्क. सिस्टरांनी सासूबाईंच्या दंडावरचं पारदर्शक ड्रेसिंग सोलून नळी कातडीत शिरते ती जागा दाखवली, आणि बायको भिंतीला टेकून अलगद खाली बसली. चेहरा पांढराफटक. तिला रक्त चालत नाही हे मला माहीत होतं, पण तिथे रक्ताचा टिपूसही नव्हता.

"दुसरं कोण?" सिस्टरांनी विचारलं.

दुसरा तिथे मीच होतो. मेहुणा खाली गाडी लावायला गेला होता. मी रेवदंड्याला मोबाइल दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. सिस्टरांनी माझा धंदा विचारला आणि सांगितल्यावर म्हणाल्या, "अरे वा, मग हात स्थिर असणार." मी मान हलवली. मोबाइलला काही झालं तर नवा घेता येतो, हे मी बोललो नाही.

नियम त्यांनी हसत हसत सांगितले, पण एकही सैल सोडला नाही. आधी साबणानं हात, कोपरापर्यंत, आणि घाई करायची नाही. तोंडाला मास्क, आईंनाही, आणि त्यांनी तोंड पलीकडे फिरवायचं. नळीच्या तोंडावरचं टोपण स्पिरिटच्या बोळ्यानं चांगलं घासायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. औषधाच्या आधी आणि नंतर सिरिंजनं सलाइन सोडून नळी धुवायची. सिरिंज मोठीच घ्यायची, छोटीचा दाब जास्त बसतो आणि नळी फाटू शकते. एकदम दाबायचं नाही: थोडं ढकला, थांबा, थोडं ढकला, थांबा. अडलं तर जोर लावायचा नाही. दंड ओला होऊ द्यायचा नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही, त्या हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा लावू द्यायचा नाही, मग समोर कितीही मोठा डॉक्टर असो. थंडी वाजून ताप आला, दंड सुजला, नळी जास्त बाहेर आलेली दिसली, तर लगेच फोन, आणि ती आत ढकलायची मुळीच नाही.

त्यांनी एका रबरी हातावर माझ्याकडून सगळं करून घेतलं आणि मग सासूबाईंच्या खऱ्या हातावर. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंड खिडकीकडे केलं आणि दंड माझ्यापुढे असा ठेवला की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आता राहायचं कुठे, हा प्रश्न भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना निघाला. मला वाटत होतं तो सुटलेला आहे.

"मी माझ्या घरी जानार," सासूबाई म्हणाल्या. "लेकीच्या घरी कोन राहतं का? आमच्यात लेकीच्या घरचं पानीसुद्धा पित न्हाय."

"आई, तू मागच्या गणपतीत माझ्याकडे जेवून गेलीस," बायको म्हणाली.

"ती येगली गोष्ट. ते जेवन होतं. ह्ये ऱ्हानं हाय."

मेहुण्यानं समजावलं, बायको रडली, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी मी, ज्यानं त्यांच्याशी आयुष्यात चहा-साखरेपलीकडे शब्द बोलला नव्हता, म्हणालो, "आई, तुम्ही लेकीकडे राहू नका. नळी सांभाळायला मला शिकवलंय. तुम्ही माझ्याकडे राहा. मी जावई आहे, जावयाकडे राहायला तुमच्यात मनाई आहे का?"

त्यांनी पदर पुढे ओढला. मग लेकीला म्हणाल्या, "ह्यांना सांग, जावयाचं कुनी काय बोललं न्हाय अजून." आणि कुबडी सावरत लाँचकडे निघाल्या.

आमच्या पुढच्या खोलीत, दुकानाच्या काउंटरला लागून असलेल्या भिंतीपाशी मी त्यांची जागा केली. तिथे छताला आमच्या मुलीच्या पाळण्यासाठी ठोकलेली लोखंडी कडी होती. मुलगी आता पुण्याला हॉस्टेलवर असते. कडीला दोरी बांधून औषधाची बाटली लटकवली. बायको सकाळच्या गाडीनं अलिबागला कामावर जायची, त्यामुळे औषधाची वेळ तिच्या मागे, दुकान उघडण्याआधी. जाताना ती आईच्या आंघोळीची तेवढी व्यवस्था करून जायची. दंडाला प्लॅस्टिक गुंडाळून वर-खाली चिकटपट्टी, आणि हात बालदीपासून लांब धरायचा. तिनं आईच्या पोलक्यांच्या उजव्या बाह्या उसवून त्यांना टिचबटणं लावून दिली होती, म्हणजे बाही नुसती उघडली की काम झालं. ड्रेसिंगकडे न बघता ती हे सगळं करायची. डोळे मिटून चिकटपट्टी लावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्या दिवशी मी हात एवढे धुतले की कातडी सुरकुतली. मास्क लावला, टोपण घासलं, सिरिंज जोडली, ढकललं. सरकेना. पुन्हा हलकेच ढकललं. ढिम्म. जोर लावायचा नाही हे आठवत होतं, पण मग काय करायचं ते आठवेना. कपाळाचा घाम मास्कवर उतरला. मी खिशातून फोन काढणार, म्हणजे धुतलेले हात वाया, इतक्यात नळीवरची छोटी पांढरी क्लिप दिसली. ती बंद होती. मीच उघडायला विसरलो होतो.

ती उघडली आणि सलाइन लोण्यासारखं आत गेलं. माझ्या तोंडून मोठा उसासा निघाला. पलीकडे तोंड केलेल्या सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं दुखलं. "आई, काय होतंय?"

त्या हसत होत्या. पदरात, मास्कच्या आत, आवाज न करता. "काय न्हाय," त्या म्हणाल्या. "आमचे ह्ये पण असंच करायचे." ह्ये म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी पाहिलेलं नाही. "पंप चालू करायचा आनि नळ उघडायचा न्हाय. मग इंजनाला शिव्या."

एका विसरलेल्या क्लिपमुळे आमच्यातला पडदा पहिल्यांदा जरा सरकला.

औषध थेंब थेंब आत जायला बराच वेळ लागायचा. तेवढा वेळ मी समोर स्टुलावर बसायचो, कारण बाटली रिकामी झाल्यावर नळी धुवायला उशीर करायचा नव्हता. सुरुवातीला दोघंही बाटलीकडे बघायचो. मग मी दुरुस्तीला आलेला एखादा फोन उघडून बसायला लागलो, आणि त्या त्याच्याकडे बघायला लागल्या. एके दिवशी विचारलं, "ह्याच्यात बोलतं ते कंचं?" मी त्यांना बारीक जाळीमागचा स्पीकर दाखवला. "आनि ऐकतं ते?" तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "बोलनाऱ्याला एवढी जागा आनि ऐकनाऱ्याला एवढीशी?" आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश झाल्या.

मग गप्पांना वाव मिळाला. मिठागरात काम करताना पाय कसे फुटायचे, हे त्यांनी सांगितलं. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं त्या वर्षी घरात काय शिजलं, तेही. आणि त्यांच्या गाण्याबद्दल. आगरी लग्नात धवले गाणारी बाई लागते. हळद असो, मांडव असो, लग्न लागणं असो, तिनं गाऊन तो विधी पुढे न्यायचा. सासूबाई गावातल्या धवलारीण होत्या. हे मला माहीत होतं, पण गाताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्या लग्नात त्या वधूची आई म्हणून आत होत्या आणि गायला दुसऱ्या बाई आल्या होत्या. "बेसूर होती," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं ते मनात होतं त्यांच्या.

दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकं यायची आणि बाटली संपायची असली तर काउंटरवरून वाकून बघायची. एका कोळणीनं फोनची काच बदलायला टाकली आणि सासूबाईंशी तासभर बोलत बसली. दुसऱ्या दिवशी ती काहीही बिघडलेलं नसताना आली. सासूबाई आता खुर्चीवर बसायच्या, माझ्यासमोर, कारण टाच उंच ठेवायची होती आणि पाटावर ते जमत नव्हतं. पदर मात्र डोक्यावर कायम.

आमचं खरं भांडण झालं ते मांदेलीवरून. एका रविवारी मी रेवदंड्याच्या बंदरावरून मांदेली आणली होती आणि बायको अजून बाजारातून यायची होती. मी हात धुवून आलो तर सासूबाई मोरीजवळ विळी मांडून, उजव्या हातात मासा धरून बसलेल्या. त्यांच्या मनगटावरून पाणी कोपराकडे निघालं होतं.

"आई, उठा," मी म्हणालो. जरा जोरातच.

"एवढी मांदेली हाय. तुमी साफ करनार?"

"मी करतो."

"तुमी भातवाले. तुमाला डोस्कं कुठं, शेपटी कुठं."

"तुम्ही सांगा, मी करतो. पण उठा."

त्या उठल्या. माझ्या आवाजाला घाबरून नव्हे; कोपराकडे चाललेलं पाणी त्यांनीही पाहिलं असावं. मग त्या खुर्चीवरून हुकूम सोडत राहिल्या आणि मी मांदेली साफ करत राहिलो. पोट असं नको, असं. नखानं. जोर कशाला, ती काय तुमचा दुश्मन हाय. बायको आली तेव्हा तिचा नवरा खवल्यांनी माखून मोरीत बसलेला आणि आई त्याला ओरडत होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "म्हसळ्यासारखं वाटतंय आज."

टाच भरत आली, ताप पुन्हा आला नाही. मग रेवसहून निरोप आला. सासूबाईंच्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं होतं, आणि धवले आत्याआजीनंच गायचे. मी सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना. घरात कोंडून ठेवायला नळी नाही घातली आपण. फक्त दंड कोरडा ठेवा. सामान बरोबर न्या." मी बॅग भरली: हातमोजे, मास्क, ड्रेसिंगचं पाकीट, सलाइन, बोळे, मोजायची पट्टी. बायकोनं दंडावरून घालायला जुन्या लेगिंगचा एक पट्टा शिवून दिला. सकाळचं औषध देऊन आम्ही निघालो.

आगऱ्यांच्या हळदीला जो गेला नाही त्याला काय सांगायचं. बँजो वाजत होता, मांडवात अख्खं गाव, आणि हळद फक्त नवरीला लावतात असा कुणाचा गैरसमज असेल तर तो मांडवाच्या दारातच दूर होतो. मला आल्या आल्या दोन्ही गालांना लागली. मी सासूबाईंच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि जी बाई हळदीचा हात घेऊन येईल तिला डावी बाजू दाखवत राहिलो. त्या बसून गात होत्या. पण बँजोच्या आवाजात मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

गाणं संपवून त्या उठल्या आणि मी एका पाहुण्याला नमस्कार करायला वळलो. तेवढ्यात त्यांची भावजय मागून आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलेलं बँजोत बुडालं होतं. हळद कालवलेल्या पाण्याचा तांब्या तिनं प्रेमानं सासूबाईंच्या खांद्यावर ओतला आणि "चल नाचायला" म्हणत उजव्या हाताला धरून ओढलं.

मी पोचलो तेव्हा लेगिंगचा पट्टा पिवळा झाला होता आणि त्याच्याखाली ड्रेसिंगचा एक कोपरा उचललेला होता. सासूबाई हसतच होत्या, पण माझं तोंड बघून थांबल्या.

"भिजलं?" त्यांनी विचारलं.

"भिजलं."

बायकोनं आतली खोली रिकामी करून घेतली. तिथे रुखवताची भांडी रचलेली होती. एका टेबलावरची भांडी उचलून तिनं ते पुसलं, दार लावलं, आणि धूळ उडू नये म्हणून मी सांगितल्यावर पंखा बंद केला. खिडक्याही लावल्या. मग ती स्वतः दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि कुणी ढकललं की "आई कपडे बदलतेय" असं सांगत राहिली. कोपरापर्यंत हळदीनं पिवळे झालेले हात मी धूत होतो. हळद निघत नव्हती. शेवटी हातमोजे आहेत म्हणून सोडून दिलं.

सिस्टरांनी शिकवलं होतं तसं खालून वर, दंडाला धरून, नळी ओढली जाणार नाही अशा बेतानं ड्रेसिंग सोलत गेलो. आतली जागा लाल नव्हती, सुजलेली नव्हती. औषधी बोळ्यानं पुसून वाळू दिली. मग बाहेरची नळी मोजली. दवाखान्यातून निघताना होती त्यापेक्षा थोडी जास्त भरली. पुन्हा मोजली. तितकीच. नखभर बाहेर आली होती.

इथे एक कबूल करायला हवं. नखभर सरकवून परत आत घालावी असं फार वाटलं. कुणाला कळलंही नसतं. पण सिस्टरांचा तो नियम सगळ्यात कडक होता: बाहेर आलेली नळी कधीही आत ढकलायची नाही. मी ती आहे तिथेच नीट चिकटवली, नवं ड्रेसिंग लावलं आणि मग फोन केला.

"ढकलली नाही ना?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"शाब्बास. आता काही करू नका, औषधही देऊ नका. उद्या सकाळी या, फोटो काढून बघू टोक कुठे आहे ते."

सासूबाई ऐकत होत्या. "उद्या लगीन हाय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी."

"परत येऊ," मी म्हणालो. येऊ की नाही हे मला मुळीच माहीत नव्हतं.

भावजय दाराबाहेर रडत होती. सासूबाईंनी तिला डाव्या हातानं जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडतेस कशाला, तुझ्यामुळं उद्या मुंबई बघायला जातोय."

सकाळची लाँच रेवसहून वेळेवर सुटली. केसांत आणि गालावर हळदीचं पिवळं घेऊन आम्ही दोघंच होतो. बायकोला लग्नघरी थांबावं लागलं. लाँच मधल्या पाण्यात आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, एक सांगू? तुमी रोज हात लावताना मना भ्या वाटायचा. नळीचा न्हाय. तुमी कंटाळाल याचा."

 मी म्हणालो, "मला रोज भीती वाटायची ती क्लिप विसरण्याची. कंटाळायला वेळ कुठे मिळाला."

त्या हसल्या. पदर वाऱ्यानं मागे गेला होता आणि त्यांनी तो पुढे घेतला नाही. पांढऱ्या केसांत मधोमध भांग, अगदी बायकोसारखा. मला हे त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात छातीचा फोटो निघाला. डॉक्टर पडद्यावर तो मोठा करून बराच वेळ बघत राहिले. नळीचं टोक किंचित वर आलं होतं, पण चालेल अशा जागीच होतं. बदलायची गरज नव्हती. सिस्टरांनी त्या दिवसाचं औषध तिथेच दिलं, माझं ड्रेसिंग तपासलं आणि माझ्या पिवळ्या मनगटांकडे बघून म्हणाल्या, "लग्न तुमचं होतं काय?"

आम्ही दुपारची लाँच गाठली आणि वऱ्हाड दारात यायच्या थोडं आधी मांडवात पोचलो. या वेळी बँजो बंद होता. सासूबाई उजवा दंड पदराखाली घेऊन बसल्या आणि धवला सुरू केला. आवाज पातळ होता, मध्ये मध्ये दम लागत होता, पण स्वर कुठेही हलला नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून पहिल्यांदाच ऐकत होतो. धवलारीण जुन्या गाण्यात घरच्या माणसांना गुंफत जाते. एका कडव्याशी सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघून हसल्या. शब्द मला लागले नाहीत. बायकोला विचारलं तर म्हणाली, "ते आमचं आहे, तुम्हाला नाही सांगायचं." अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर नळीनं त्रास दिला नाही. शिमग्याच्या सुमाराला पुन्हा तपासण्या झाल्या. रक्तात जंतूचा मागमूस उरला नव्हता, हाड भरत होतं, जखम मिटली होती. औषध थांबलं आणि नळी काढायचा दिवस आला. मला वाटलं होतं मोठं काम असेल. सिस्टरांनी सासूबाईंना आडवं झोपवलं, श्वास धरायला सांगितला, आणि हलक्या हातानं ती ओढून घेतली, जशी दाण्यांच्या माळेतून दोरी निघावी तशी. वर कापसाचा बोळा दाबून धरला. झालं.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. सिस्टरांनी नळी दाखवली. बारीक, मऊ, जेमतेम हातभर लांब. सासूबाईंनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "एवढीशी? हिच्यासाठी एवढी हात धुवाधुव?"

"हिच्यासाठीच," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही इथे नसता बसल्या."

 सासूबाईंनी उठताना सिस्टरांच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

धक्क्यावर आम्ही वडापाव खाल्ला. त्यांनी दोन घेतले, दुसरा मला कळू न देता. रेवसला उतरलो तर गावातल्या दोन बायका जेटीवर लाँचची वाटच बघत होत्या. एकीच्या मुलाचं लग्न वैशाखात होतं. सासूबाई त्यांच्यात अशा मिसळल्या की मी मागे पिशवी घेऊन उभा आहे हेच विसरल्या. रिक्षात बसायच्या आधी आठवण झाली. वळून आल्या, पिशवी घेतली, "येते" म्हणाल्या आणि गेल्या.

मी एसटीनं अलिबागला आणि तिथून रेवदंड्याला आलो. बायकोनं दारातच विचारलं, "आई काय म्हणाली?"

"काही नाही. येते म्हणाल्या."

बायको म्हणाली, "म्हणजे येईल." आणि चहा टाकायला आत गेली.